वरची सालस, खालची उनाड

दात पडायला लागले की माणसाला सल्ल्यांची वाण राहत नाही. गुडघे दुखले तर लोक एखादं तेल सुचवून गप्प बसतात. दातांच्या बाबतीत मात्र प्रत्येकाच्या तोंडातच पुरावा असतो आणि तो दाखवायची त्याला घाई असते. आमच्या बागेतल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर तर या विषयात चक्क पंथ पडलेत. ब्रिजवाले, इम्प्लांटवाले आणि अख्ख्या कवळीवाले. फ्लेक्झिबल कवळीचे एकच अनुयायी आहेत, पण प्रचारात ते सगळ्यांना भारी. ती तोंडातून काढून, दोन बोटांत धरून वाकवून दाखवतात. भेळ खाताना दाखवतात, हे वाईट.

ब्रिज माझ्यासाठी बादच होता. त्यात शेजारचे धडधाकट दात तासून त्यांवर टोप्या चढवतात आणि मधला दात त्यांच्या जिवावर अधांतरी उभा राहतो. म्हणजे दोन्ही काठांवर कोणीतरी हवं. माझ्या तोंडात नुसतीच नदी.

इम्प्लांटवाल्यांचा तोरा वेगळा. जबड्याच्या हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, काही महिन्यांत हाड त्याला घट्ट धरतं आणि मग वर दात चढतो. हे श्रेय स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांचं. सशाच्या पायाच्या हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण ते काढायला गेले, तर ते निघेचना. ही १९५२ची गोष्ट. १९६५ साली तीच युक्ती माणसाच्या जबड्यात वापरली गेली. आमचे इम्प्लांटवाले ही हकिकत अशी सांगतात, की ससा जणू त्यांच्याच घरचा होता. मी एका स्क्रूचा भाव विचारला आणि मनातल्या मनात अठ्ठावीसने गुणून घाम पुसला. आमच्या दातांच्या डॉक्टर वयाने माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "काका, प्रत्येक दाताला वेगळा स्क्रू लागत नाही. चार स्क्रूंवर अख्खा जबडा बसतो. पण तुमची साखर फार वर-खाली होतेय, आधी ती आटोक्यात आणा." मधुमेहाचे मी आयुष्यात पहिल्यांदाच आभार मानले आणि कवळीचं माप द्यायला बसलो.

माप घेतात अल्जिनेट नावाच्या लगद्याने. तो समुद्री शेवाळापासून काढतात, ही माहिती तो तोंडात असताना कोणी देऊ नये. ट्रेमध्ये भरलेला तो गार गोळा टाळूला चिकटतो आणि आपण काहीही ठरवलेलं असलं तरी घशाकडे निघतो. "नाकाने श्वास घ्या काका," असं म्हणून डॉक्टर नेमक्या त्याच वेळी गप्पांना बसतात. मुलगा कुठे असतो, सून काय करते, नातू कितवीत. मी डोळ्यांनी पुणे, बँक आणि तिसरी असं सांगितलं.

मग छटा निवडायची. तिथे सोळा छटांची एक पट्टी असते. मी सर्वांत पांढऱ्या दातावर बोट ठेवलं. बरोबर आलेली आमची ही म्हणाली, "अहो, भाच्याचं लग्न आहे. ग्रुप फोटोत फक्त दातच दिसतील." शेवटी चहा पिणाऱ्या सभ्य गृहस्थाला शोभेल असा फिकट पिवळा ठरला.

कवळी आली आणि तिचे दोन स्वभाव कळले. वरची सालस. टाळूवर पसरून बसते, मध्ये लाळेचा पातळ थर आला की चिकटून राहते. खालची मात्र नालेच्या आकाराची, बसायला जागा थोडी आणि मधोमध जीभ. 'भ' म्हणायला तोंड उघडलं की ही उठून बसते. त्यात दात गेल्यावर जबड्याचं हाड हळूहळू झिजतच राहतं, त्यामुळे आज घट्ट बसलेली कवळी काही वर्षांनी सैल होते आणि आतून नवा थर द्यावा लागतो. म्हणजे ही आणखी उनाड होणार, याची लेखी हमीच.

तरी खाण्याचं जमतं. भाकरी दुधात कुस्करता येते, चकली चहात बुडवता येते. पोळीवरचा तीळ कवळीखाली शिरला तर ब्रह्मांड आठवतं, पण चूळ भरली की सुटका होते. बोलणं मात्र बुडवून मऊ करता येत नाही. आणि मी पडलो आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवाचा कायमचा निवेदक. "सुस्वागतम्" म्हणालो, तर स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "कितवी शिट्टी हो ही?"

मी थोरामोठ्यांचा आधार शोधला. वॉशिंग्टन १७८९ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले तेव्हा तोंडात स्वतःचा एकच दात होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही थाप. ती होती पाणघोड्याच्या दाताची, माणसांच्या दातांची, शिशाची, आणि वर स्प्रिंगा! तोंड मिटलेलं ठेवायलाच जोर लागायचा. १७९३चं शपथविधीचं भाषण त्यांनी १३५ शब्दांत आटोपलं. इतिहासकार काहीही म्हणोत, मला कारण लगेच कळलं. चर्चिलसाहेबांनी तर कवळी मुद्दाम अशी करून घेतली, की 'स' म्हणतानाचा त्यांचा मूळचा दोष तसाच राहावा, कारण रेडिओवर लोकांना तोच आवाज ओळखीचा. त्यांची एक कवळी लंडनच्या हंटेरियन संग्रहालयात आहे. हे मी डॉक्टरांना ऐकवलं.

"काका, तुम्हाला कुठे महायुद्ध जिंकायचंय?"

"गणेशोत्सवाचं निवेदन आहे."

"मग रोज पेपर मोठ्याने वाचा. जीभ शिकते."

वाचू लागलो. पहिल्याच पानावर 'साखर सम्राटांच्या सहकारी संस्थांवर सरकारची सक्ती'. पेपर ओला झाला. घरचे दूर बसू लागले. शेवटी मी दुसरा मार्ग धरला आणि संपूर्ण निवेदन 'स'शिवाय लिहून काढलं. 'सत्कार'च्या जागी 'गौरव', 'सुंदर'च्या जागी 'देखणा', 'सभासदहो'च्या जागी 'मंडळी'. मराठी मोठी उदार आहे, कुठे अडलं नाही. मग सेक्रेटरींचा फोन आला. यंदा प्रमुख पाहुणे सहाय्यक निबंधक, सहकारी संस्था.

"निबंधक महोदय म्हणेन," मी म्हटलं.

"बाई आहेत त्या."

"महोदया म्हणेन!"

फोन ठेवून मी विजयी मुद्रेने हिच्याकडे पाहिलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि सुरुवातीला स्वतःची ओळख काय करून देणार? सूत्रसंचालक?"