‘उचला आणि पळा’ म्हणणाऱ्यांना

एक मेसेज पुन्हापुन्हा फिरतोय: अँब्युलन्सवाल्यांनी पेशंट उचलून सुसाट हॉस्पिटल गाठावं, दारात मशिनं लावत बसतात ते नवशिके, पोलिसांची वाट बघत थांबतात ते घाबरट. आणि नशेतल्याला एक इंजेक्शन दिलं की काम झालं.

हृदय बंद पडलं असेल तर थांबणंच बरोबर. छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटीमीटर खोल दाबायची आणि दर वेळी पूर्ण वर येऊ द्यायची. दाबणारा दर दोन मिनिटांनी बदलायचा. थकला की दाब उथळ होतो आणि ते त्याचं त्यालाच कळत नाही. अरुंद जिन्यात स्ट्रेचर तिरका धरून हे कसं करणार? धावत्या गाडीत तर एक हात कठडा धरण्यातच जातो. नवशिक्याची चूक उलटी असते. गर्दी “उचला, उचला” ओरडते, तो घाबरून उचलतो आणि शॉक द्यायचं मशीन खोलीतच राहतं.

छातीत किंवा पोटात चाकू लागला असेल तर मात्र मेसेज खरा आहे. आतला रक्तस्राव ऑपरेशन टेबलावरच थांबतो. म्हणून जागेवर 10 मिनिटांच्या वर थांबायचं नाही, सलाईन लावायचीच तर चालत्या गाडीत. पण एवढ्या घाईतही पाठ आणि काखा बघायच्याच. एक जखम सापडली की नवा माणूस शोध थांबवतो, दुसरी शर्टाखाली वाहत राहते.

हातापायातून रक्त उसळत असेल तर निघण्याआधी टूर्निके, म्हणजे दांडी पिळून आवळायचा रक्त थांबवणारा पट्टा. जखमेच्या 5 ते 7 सेंटीमीटर वर, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहायची. दांडी पिळताना पेशंट किंचाळतो, कारण ते खरंच फार दुखतं. नवशिका तिथेच हात सैल सोडतो. अर्धवट आवळलेला पट्टा शिरा दाबतो, धमनी चालूच राहते; रक्त कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. ते थांबेपर्यंत पिळायचं.

पोलिसांचं म्हणाल, तर चाकूवाला अजून गल्लीत असताना आत शिरलं की एकाचे दोन पेशंट होतात, आणि दुसऱ्याला बघायला कुणी उरत नाही.

आता इंजेक्शन. अफूवर्गीय नशेत माणूस मरतो तो श्वास थांबून. त्यामुळे आधी अँबू बॅग (तोंडावर मास्क धरून हाताने दाबत श्वास द्यायची पिशवी), दर सहा सेकंदांनी एक श्वास, छाती उचलली जाईल इतकाच. मग नॅलोक्सोन, म्हणजे अफूवर्गीय नशा उतरवणारं तेच इंजेक्शन, शिरेतून द्यायचं तर 0.4 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून, हळूहळू. श्वास परत आला की पुरे, माणूस उठून बसायला नको. एकदम मोठा डोस दिला की उलट्या होतात, तो भडकतो, कधी हातही उगारतो. औषधाचा असर साधारण 30 ते 90 मिनिटं. नशा त्याहून जास्त टिकू शकते. “मी ठीक आहे” म्हणून घरी जाणाऱ्याचा श्वास तासाभराने झोपेत पुन्हा मंदावू शकतो. तो हॉस्पिटलला यायला तयारच नसेल तर घरातल्या जाग्या माणसाला छाती कशी बघायची ते दाखवायचं, जादा डोस हातात द्यायचा आणि मगच निघायचं.