बघून झालं म्हणे! काय बघितलं?
दरवेळी तेच! भारतातून कोणी आलं की आम्ही हौसेने दोन तास गाडी चालवत इंग्लंडमधल्या चॅट्सवर्थच्या जुन्या सरदारी महालात नेतो आणि मंडळी दारातच रील काढत बसतात, उरलेला वेळ गिफ्ट शॉपमध्ये. अरे, 105 एकर बाग आहे! तिथला मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने 1844 मध्ये रशियाच्या झारसाठी केलेलं ते कारंजं (झार आलाच नाही, ते वेगळं) पंपाशिवाय, नुसत्या टेकडीवरच्या तळ्यातल्या पाण्याच्या दाबावर उडतं, मी अजूनही बघतच राहते, आणि हे लोक त्याच्याकडे पाठ फिरवून सेल्फी काढतात. मुलं भूलभुलैयात जायचं म्हणून रडकुंडीला आलेली, तर म्हणे 'चला, बघून झालं, जेवायला उशीर होतोय'. इतका संताप होतो ना! तासभर तरी फोन खिशात ठेवा की!