प्लगपेक्षा केबल बघा

आरसीए प्लग (टीव्ही-डेकला लागतो तो एका पिनेचा) ७५ ओहम इम्पीडन्सचा, म्हणजे केबलशी जुळणाऱ्या विद्युत विरोधाचा, नसल्यामुळे एसपीडिफचा (घरगुती डिजिटल ऑडिओ जोडणीचा) आवाज बिघडतो, हे एका लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. प्लग ७५ चा नसतो, कबूल. पण तो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा. ४८ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या) सिग्नलची मूळ फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त ३ मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे केबलमध्ये साठ-सत्तर मीटरची तरंगलांबी. मीटरभर केबलला एवढ्याशा प्लगने काय होणार?

खरा घोळ लांब लाईनवर. आमच्या फोंड्याकडे जत्रेतल्या नाटकाला स्टेजपासून मिक्सरपर्यंत एईएसची (व्यावसायिक डिजिटल ऑडिओची) लाईन ओढताना पोरं हाती लागेल ती माइकची केबल जोडतात. एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) तोच, त्यामुळे बसते झकास! पण एईएसला ११० ओहमची केबल लागते. मग ऐन प्रवेशात टिकटिक सुरू. बीएनसीवर (७५ ओहमच्या फिरवून बसवायच्या कनेक्टरवर) पैसे घालण्याआधी ती केबल बदला, आणि पावसाळ्यात हिरवे पडलेले कनेक्टरही जरा पुसा.