चावीच्या ग्रामोफोनवर एलपी? नकोच!

पितळी कर्णा, बाजूला चावी फिरवणारा हात, आणि गोल फिरणारी नवी कोरी एलपी, म्हणजे मिनिटाला ३३ फेरे घेणारी, जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड. असे व्हिडिओ हल्ली हातोहात पुढे जातात. सांगणं एकच असतं: वीज लागत नाही, ॲम्प्लिफायर लागत नाही, जुन्या ग्रामोफोनवर रेकॉर्ड कुठलीही चालते. खाली विचारणाऱ्यांना ठरलेली उत्तरं मिळतात. ती उत्तरंच एकेक करून पाहू, कारण ती ऐकून लोक बाराशे-पंधराशे रुपयांची रेकॉर्ड दहा मिनिटांत घालवतात.

‘रेकॉर्ड ती रेकॉर्ड, खाच ती खाच.’ नाही. सगळ्या भांडणाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी रेकॉर्ड, म्हणजे ‘७८’, आपण लाखेची म्हणतो, पण लाख तिच्यात फक्त धरून ठेवण्यापुरती. मोठा भाग असतो तो दगडाच्या बारीक पुडीचा. रंग काळा यावा म्हणून काजळी. ही पूड स्वस्त पडायची हे खरं, पण तिच्याकडे दुसरंही एक काम होतं. पोलादी पिन खाचेत टेकली की पहिल्या काही फेऱ्यांतच ती पूड पिनेचं टोक घासून त्याला खाचेचा आकार द्यायची. म्हणजे त्या जोडीत झिजायचं ते पिनेनं, हे आधीच ठरलेलं होतं. म्हणून तर रेकॉर्डची एक बाजू वाजवायला एक नवी पिन, असा नियम होता आणि पिना डबीडबीनं विकल्या जात. काटकसरीपायी तीच पिन पुनःपुन्हा वापरणाऱ्या घरांतल्या रेकॉर्डी आज खरखरतात, त्याचं कारणही हेच.

एलपी असते व्हिनाइलची, आणि व्हिनाइल हे पीव्हीसीच्या कुळातलं प्लास्टिक. मऊ, गुळगुळीत, त्यात दगडाची पूड नाही. त्यावर पोलादी पिन झिजत नाही. मग झिजायचं कोणी? खाचेच्या भिंतीनं.

‘एकदोनदा लावल्यानं काय होतंय?’ पहिल्याच वेळी होतं. चावीच्या ग्रामोफोनमध्ये साउंडबॉक्स (ज्यात पिन बसवतात तो गोल डबा) आणि त्याला धरणारा हात मिळून पिनेवर साधारण १०० ते १५० ग्रॅमचा भार पडतो. आजच्या चांगल्या टर्नटेबलवर हाच भार दीड ते तीन ग्रॅम असतो. भार जास्त असण्यामागे निष्काळजीपणा नव्हता. या यंत्रात वीज नाही, त्यामुळे आवाजासाठी लागणारी सगळी ताकद खाचेतूनच उचलावी लागते: खाच पिनेला ढकलते, पिन साउंडबॉक्समधला अभ्रकाचा किंवा ॲल्युमिनियमचा पडदा हलवते, आणि कर्णा तो आवाज खोलीभर पसरवतो. लाखेच्या रेकॉर्डीला ही ओढाताण सोसायची. एलपीला सोसत नाही.

रुंदीचा घोळ वेगळाच. १९४८ मध्ये कोलंबियानं अमेरिकेत एलपी बाजारात आणली, तेव्हा एका बाजूत वीस-बावीस मिनिटं बसवण्यासाठी खाचा मुद्दाम अरुंद केल्या होत्या. ७८च्या सुईच्या टोकाची त्रिज्या साधारण ७५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एलपीसाठी ती २५वर आली, स्टिरिओसाठी आणखी खाली, १८च्या आसपास. पोलादी पिन त्या खाचेत उतरतच नाही. ती वरच्या कडांवर बसते आणि नांगरासारखी माती उकरत जाते.

त्यातही स्टिरिओ असेल तर हाल विचारू नका. स्टिरिओ रेकॉर्डमध्ये डावा आवाज एका भिंतीवर आणि उजवा दुसऱ्या भिंतीवर कोरलेला असतो, त्यामुळे सुईला आडवं आणि वरखाली अशा दोन्ही दिशांनी हलावं लागतं. साउंडबॉक्सला फक्त आडवं हलणं येतं. खाच वर उचलू पाहते, तेव्हा तो जागचा हलत नाही, आणि मधल्या मधे प्लास्टिक चिरडतं.

‘वेग कमी करायची कळ असतेच की.’ असते, पण ती ७८च्या आजूबाजूला थोडं खालीवर करण्यासाठी. जुन्या रेकॉर्डी नेमक्या ७८वरच ध्वनिमुद्रित झालेल्या नसत, म्हणून ती दिलेली. आतल्या गव्हर्नरला, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाला, पातळ पट्ट्यांवर लावलेली वजनं असतात. वेगानं फिरताना ती बाहेर फेकली जातात, एक चकती ओढली जाते आणि चामड्याच्या तुकड्यावर घासून वेग आवरला जातो. ३३वर ती वजनं नीट फाकतच नाहीत. वेग डळमळतो किंवा यंत्र थांबतं. काही व्हिडिओंत तर बोटानं तबकडी दाबून वेग कमी करतात. त्यावर मी काय बोलणार!

आणि ३३ची रेकॉर्ड ७८वर लावली, तर गायकाचा षड्ज तार सप्तकातल्या कोमल गंधाराच्या जवळपास जाऊन बसतो. मिनिटाला ४५ फेऱ्यांची लावली तर धैवत आणि कोमल निषाद यांच्या मधे कुठेतरी. हा हिशोब वेगाच्या गुणोत्तराचा आहे, पेटी घेऊन कुणीही पडताळून पाहावा.

स्प्रिंगचंही आहेच. दहा इंची ७८ची बाजू साडेतीन मिनिटांची, म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास फेरे. बावीस मिनिटांच्या एलपीचे सातशेहून जास्त. एका स्प्रिंगचं यंत्र मध्येच दम टाकणार.

‘बांबूची किंवा काट्याची पिन वापरा, मग धोका नाही.’ अशा पिना खरोखर होत्या, आजही मिळतात, आणि लाखेच्या रेकॉर्डीसाठी त्या चांगल्याच. पण पिन बदलली म्हणून वरचा भार बदलत नाही आणि टोकाची रुंदीही एलपीच्या खाचेजोगी होत नाही.

‘एचएमव्हीच्या एलपीवरच कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र आहे!’ हे मला आवडतं. चित्रकार फ्रान्सिस बारो यानं तो कुत्रा आधी सिलिंडरच्या फोनोग्राफसमोर बसवला होता. १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेतलं, तेव्हा त्याच कॅनव्हासवर यंत्र खोडून ग्रामोफोन रंगवला. चित्रावरून यंत्र ठरवायचं तर मूळ चित्रातल्या सिलिंडरच्या यंत्रावर कुठलीच तबकडी वाजली नसती.

‘पण आवाज तर येतो ना, आणि तोच खरा!’ आवाज येतो, नाही कोण म्हणतो. पण एलपी कापताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, दोन्ही टोकांना सुमारे २० डेसिबलपर्यंत. १९५४ पासून चालत आलेलं हे ठरीव माप वाजवताना ॲम्प्लिफायर उलटं फिरवतो. कर्णा ते करू शकत नाही. म्हणून तबल्याचा बायाँ गायब आणि तंबोरा पत्र्यावर वाजल्यासारखा, असा तो ‘खरा’ आवाज.

मग त्या यंत्रावर लावायचं काय? ज्यांच्यासाठी ते बनलं त्यांचंच. गायक अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले, एलपी यायच्या अकरा वर्षं आधी. त्यांचं एलपीवर जे मिळतं ते ७८वरूनच पुन्हा काढलेलं. कर्ण्यातून त्यांना ऐकायचं असेल, तर एलपीचा नाद सोडून मूळ ७८ शोधावी. आपल्याकडे ७८ साठच्या दशकातही निघत होत्या, बीटल्सच्यासुद्धा. त्या उशिराच्या रेकॉर्डी मात्र विजेवरच्या हलक्या पिकअपच्या (सुई धरणाऱ्या भागाच्या) जमान्यातल्या. चांगल्या स्थितीतली असेल तर जड साउंडबॉक्सखाली ठेवू नये. साउंडबॉक्समधलं रबर जुनं होऊन दगड झालेलं असेल, तर आधी ते बदलून घ्यावं. नाहीतर लाखेच्या रेकॉर्डीलाही मार बसतो. ‘अँटिक’ म्हणून विकले जाणारे चकचकीत कर्णे बऱ्याचदा अलीकडे सुटे भाग जुळवून केलेले असतात, तिथे तर हे आवर्जून पाहावं.

व्हिडिओची हौसच असेल, तर आधीच बाद झालेली एखादी रेकॉर्ड रद्दीतून घ्या. पण तीच नंतर ‘छान वाजते’ म्हणून विकू नका. आणि जुन्या एलपी विकत घेणाऱ्यांनी दुकानात रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरावी. काळ्या चकाकीत करड्या, धुरकट पट्ट्या दिसल्या, तर खाचा उकरल्या गेल्यात असं समजावं आणि ती तिथेच ठेवून द्यावी.