कूलर १ नग, मिळाला

गेल्या मंगळवारी मी चोराच्या हातगाडीचं भाडं चुकतं केलं. दीडशे रुपये. चोर माझ्याच घरी आला होता, माझाच कूलर घेऊन गेला, आणि हातगाडीवाल्याला द्यायला त्याच्याजवळ सुटे नव्हते म्हणून बाजूच्या काकांनी स्वतःच्या खिशातून दिले. ते त्यांनी माझ्याकडं मागितले, मी दिले. वर काकूंनी विचारलं, "बाबू, पन्हं घेतोस का?" तेही घेतलं.

आई-बाबा गेल्यापासून नागपूरच्या अंबाझरी लेआउटमधलं आमचं घर बंद असतं. मी टोरांटोच्या बाजूला राहतो आणि वर्षातून एकदा तीन आठवड्यांसाठी येतो. यंदा घर नावावर करायची कामं होती म्हणून ऐन मे महिन्यात यावं लागलं. पहाटे विमानतळावरून रिक्षानं आलो. कुलूप जागेवर होतं, कडीकोयंडा जागेवर होता. मनात म्हटलं, वा. मग बाजूच्या खिडकीकडं पाहिलं तर लोखंडी स्टँड उभा, आणि त्याच्यावर काहीच नाही.

हा कूलर बाबांनी १९९४ साली इतवारीतल्या एका पत्रेवाल्याकडून करून घेतला होता. आजकालचे प्लॅस्टिकचे कूलर असतात तसा नव्हे. जाड पत्र्याचा, चार माणसांनी उचलायचा, पाणी भरलं की खिडकीची भिंत माघार घेईल असा. चालू केला की आमच्याकडं बातम्या कोणालाच ऐकू यायच्या नाहीत, आणि पुढच्या चार महिन्यांत घरातली सगळी भांडणं ओरडूनच व्हायची. पण वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्यावर पहिल्या दिवशी जो वास यायचा, त्यासाठी आम्ही दुपारची झोप सोडून त्याच्यासमोर बसायचो.

मी काकांकडं गेलो. काका एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्याला अठरा वर्षं झाली. कचेरी सुटली. क्लार्क सुटला नाही.

"काका, आमचा कूलर कुठं गेला?"

"गेला ना दुरुस्तीला."

"कोणी नेला?"

"तुझ्या माणसानं."

"माझा कोणता माणूस?"

"आता ते मला काय माहीत बापा. माणूस तुझा आहे."

मग काकांनी मला खुर्चीवर बसवलं आणि आतून फाईल आणली. तिच्यावर निळ्या शाईत माझं आडनाव होतं, खाली 'कॅनडा'. फाईलमध्ये माझ्या घराची विजेची बिलं, पाणीपट्टी, एक लग्नपत्रिका (लग्न दोन वर्षांपूर्वी झालं), आणि सगळ्यात वर एका बिलाच्या पाठीमागं, समास सोडून लिहिलेली पावती. अक्षर काकांचं. 'दि. १८/४. कूलर १ नग (जुना, चालू स्थितीत), ताट्या ३ नग, पंप १ नग, वायर काळी अंदाजे अडीच मीटर, दुरुस्तीकरिता मिळाले.' खाली चोराची सही. ही सही मी बराच वेळ पाहिली. वळत वळत शेवटी तिच्याखाली दोन ठिपके दिले होते. म्हणजे घाईनंही केलेली नव्हती.

"काका, हा मोबाईल नंबर नऊच आकडी आहे."

"हो, मी पण मोजले. म्हटलं राहिला असंल एखादा. सीझनमध्ये काम किती असते त्यांना!"

"तुम्ही विचारलं नाही का त्याला, कोणी पाठवलं म्हणून?"

"विचारलं ना! सोडतो का मी? म्हटलं, कॅनडातून फोन आला होता का? तर तो म्हणे, हो. म्हटलं, बाबूचाच ना? म्हणे, हो, बाबूसाहेबांचाच. म्हटलं, मग कूलरचं काम असंल, पंप मागच्या वर्षीपासून गुरगुरून राहिला. तो म्हणे, पंपच."

असा परीक्षक मला इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत मिळाला असता तर गणित-तीन पहिल्याच झटक्यात सुटलं असतं.

आता सांगायला हवं की या घराच्या बंदोबस्तावर मी काही कमी खर्च केलेला नाही. समोरच्या दाराला आतून कुलूप आहे, म्हणजे बाहेरून लोंबणारं कुलूप दिसत नाही आणि घर बंद आहे हे कळत नाही. जाताना मी मागच्या दारानं चोरासारखा निघतो. पेपर बंद केला आहे, कारण गेटमध्ये साचलेल्या पेपरांसारखी चोराला दुसरी पाटी नाही. हॉलमधल्या दिव्याला टायमर लावला, संध्याकाळी सातला लागायचा, अकराला बंद व्हायचा. पण तो टायमर काट्यांचा. वीज गेली की तोही थांबतो, आणि परत आली की थांबला होता तिथून पुढं चालायला लागतो. अर्धा तास आज, तासभर परवा, असं करत करत सहा महिन्यांत आमच्या हॉलमध्ये भर दुपारी बारा वाजता दिवा लागायला लागला. रात्री मात्र मिट्ट काळोख. चोराला कळावं म्हणून मुद्दाम केलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

त्यावर काकांनीच उपाय सुचवला होता, तारेवर कपडे वाळत घालायचा. बाबांची चौकड्याची लुंगी तारेवर टाकून ठेवायची आणि दर रविवारी ती उलटी करायची. माणूस राहतो असं वाटते म्हणे. कोणता माणूस सात दिवस एकच लुंगी वाळवतो, हे मी विचारलं नाही.

आणि मग कॅमेरा. खिडकीच्या बरोबर वर लावलेला, रात्री दिसणारा, इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं बोलता येणारा. काही हललं की माझ्या फोनवर घंटी. पहिल्या आठवड्यात एका रात्रीत सदतीस घंट्या वाजल्या, त्यातल्या एकतीस मांजरीच्या, बाकी काचेवर बसलेल्या पालीच्या. बायकोनं सांगितलं, एक तर हा फोन राहील नाही तर मी. मी घंटी बंद केली.

बंद करायच्या आधी एक प्रकार घडला होता. पडद्यावर काहीतरी पांढरं हललं, मी मांजर समजून बटण दाबलं आणि जोरात ओरडलो, "हट्! चल निघ इथून!" ते काका होते, लुंगी उलटी करायला आलेले. बिचारे हात जोडून निघून गेले. तेव्हापासून त्यांची ठाम समजूत आहे की मी चोवीस तास त्या कॅमेऱ्यात बसलेला असतो.

काकांच्याच ओसरीवर बसून मी फोनवर १८ एप्रिलचं चित्रण काढलं. सकाळचे अकरा वीस. माझ्याकडं रात्री दोनला दहा कमी. चित्र इतकं स्वच्छ, की पत्र्यावरचा गंज मोजून घ्यावा. पण माणूस? नागपुरात एप्रिल-मेमध्ये रस्त्यावरचा प्रत्येक जण डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्यात बांधून फिरतो. शाळेची मास्तरीण, पोस्टमन, नगरसेवक, सगळे दरोड्याला निघाल्यासारखे. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता. अशा गावात तोंड न बांधता फिरणाराच संशयित. हे कॅमेरे विकणाऱ्यांनी एकदा सीताबर्डीवर दुपारी दोन वाजता उभं राहून दाखवावं. चित्रात दोन माणसं होती, दोघंही डोळ्यांपर्यंत बांधलेली. त्यातला पांढऱ्या दुपट्ट्याचा चोर कूलरची वायर गुंडाळून देत होता.

"हा मी," काका म्हणाले.

दुसऱ्यानं चौकड्याचं कापड गुंडाळलेलं होतं.

"काका, ही बाबांची लुंगी आहे."

"त्याच्याजवळ काही नव्हतं ना डोक्याला. एवढ्या उन्हात लू लागून मेला असता तर तुझ्याच नावावर आलं असतं."

मग चित्रातल्या काकांनी कॅमेऱ्याकडं तोंड वर केलं, हात उंच करून हलवला, आणि दुपट्ट्याच्या आत त्यांचे ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले.

"हे काय करून राहिले होते तुम्ही?"

"तुला विचारून राहिलो होतो! बाबू, हा नेऊन राहिला, नेऊ देऊ का? दोनदा विचारलं. तू काही बोलला नाहीस. म्हटलं, हो म्हणते. नाही तर हट् केलं असतं."

याच्यावर काय बोलणार? चित्रात तिकडं तिघं मिळून कूलर हातगाडीवर चढवत होते. काकांनी मागून हात लावला होता. एका ठिकाणी ते हातगाडीवाल्यावर ओरडताना दिसले. मी विचारलं, तर म्हणे, आडवा ठेवत होता, ताट्या दबल्या असत्या.

मला राग आला होता, आणि तो अजून उतरलेला नाही. पण या माणसावर तो काढायचा कसा? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता, नागनदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. काकांचं जोतं उंच, आमचं बसकं. त्या वेळी त्यांच्याकडं आमची किल्ली नव्हती. पहाटे चारला त्यांनी मांडीभर पाण्यातून येऊन सब्बलीनं मागच्या दाराचा कडीकोयंडा तोडला, आणि आईचे अल्बम, बाबांच्या वह्या, घराची कागदपत्रं, एकेक करून माळ्यावर चढवली. वय त्र्याहत्तर. आज जी कागदपत्रं घेऊन मी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतोय, ती त्यांच्यामुळं कोरडी आहेत. या घराचा कडीकोयंडा आजवर एकदाच तुटला आहे, आणि तो काकांनी तोडला. त्यानंतरच मी किल्ली त्यांना दिली.

तरीही पोलिसांत गेलो. हवालदारांनी पहिला प्रश्न विचारला, "कडीकोयंडा तुटला का?"

"नाही."

"गेटचं कुलूप?"

"शेजाऱ्यांनी किल्लीनं उघडलं."

"म्हणजे घरफोडी नाही. घरातून चोरी म्हणावी, तर तुमच्या माणसानं उचलून दिलेलं आहे." पूर्वी घरातल्या चोरीचं ३८० कलम पेपर वाचणाऱ्या कोणालाही पाठ असायचं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली आणि त्याचं ३०५ झालं. माझा कूलर दोन्हीत बसेना. मग त्यांनी पावती वाचली. पुन्हा वाचली. बाजूच्या टेबलावर दाखवून आणली. "अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "लिहून घेऊ फसवणुकीची. पण यांना बोलवावं लागंल जबाबाला. एक-दोनदा नाही, चार-पाचदा. लिहू?"

मी पेन त्यांच्याकडं परत दिलं. परदेशातून तक्रार पाठवायची सोय झाली आहे, तीन दिवसांत येऊन सही करायची असते, हेही त्यांनी मला आपुलकीनं सांगितलं. टोरांटोहून.

विम्याचंही ऐकून घ्या. चार वर्षं हप्ते भरतोय. फोन लावला तर पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली की सर, जबरदस्तीनं आत शिरल्याची खूण लागते, आणि तुमच्या पॉलिसीत घर सलग तीस दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर आधी कळवून मंजुरी घ्यावी लागते. अहो बाई, घर रिकामं असतं म्हणून तर विमा काढला! कूलर घ्या पण उन्हात चालवू नका, म्हणण्यातलाच हा प्रकार.

नातेवाइकांना सांगितलं तर कोणालाच वाईट वाटलं नाही. एक मावसभाऊ म्हणाला, जुनाच होता ना? दुसरा म्हणाला, तुमचं काय, डॉलरमध्ये कमवून राहिले, एसी लावून घ्या. तिसऱ्यानं घराचा भाव विचारला. हे तिसरे दर वर्षी असतात. घर बंद दिसलं की लोकांना वाटतं, मालक कायमचाच गेला, आता नुसतं विचारायचं बाकी आहे. तेराव्याच्या जेवणातसुद्धा मला एकानं चौरस फुटाचा दर सांगितला होता, पानात बुंदी वाढता वाढता.

त्या रात्री पंख्याखाली झोपलो. मे महिन्यात नागपूरचा पंखा म्हणजे वरून फिरणारा तवा. दोन वाजता उठून अंगणात आलो तर स्टँडवर गंजाचे चार चौकोनी डाग, आणि खाली वाळ्याच्या दोन काड्या. एक उचलून हुंगली. काही वास नव्हता.

चौथ्या दिवशी नवा कूलर घेतला, प्लॅस्टिकचा, चाकांचा. एका हातानं ढकलला की चालतो, म्हणजे पुढच्याला हातगाडीही लागणार नाही. काकांनी त्याच्याभोवती फेरी मारली, नंबर टिपून घेतला. कॅमेऱ्याचा आवाज मी चालू केला आहे, घंटीही. काका, मी काही बोललो नाही तर ते 'नाही' समजायचं, हे तीनदा बजावलं.

"कळलं," ते म्हणाले. "मी पण व्यवस्था केली आहे."

आत जाऊन त्यांनी कोरं पावतीपुस्तक आणलं. पन्नास पावत्या, दुप्पट प्रतीचं, मध्ये कार्बन. पहिल्या पानावर माझ्या घराचा पत्ता लिहिलेला, वर अनुक्रमांक ००१.

"आता जो काही नेईल," काका म्हणाले, "त्याला पक्की पावती. एक प्रत तुला."

पुस्तकाचे चाळीस रुपये झाले होते. ते दिले.