नौदलातील वैमानिक आणि जहाजाची कमान: एका प्रचलित दाव्याचा प्रतिवाद

‘नौदलातला वैमानिक हा खरा दर्यावर्दी नव्हे, त्याला जहाजाची कमान मिळत नाही, आणि तो नौदलप्रमुख झालाच तर तो अपवाद समजावा,’ अशा आशयाचा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. दाखला म्हणून माजी नौदलप्रमुख ॲडमिरल अरुण प्रकाश यांचे नाव दिले जाते. १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे हंटर विमान चालवून त्यांनी वीरचक्र मिळवले, म्हणजे ते मुळात हवाई दलाचेच, असा त्यातील तर्क आहे.

घटना खरी असली तरी निष्कर्ष साफ चुकीचा आहे. अरुण प्रकाश १९६६ मध्ये नौदलात अधिकारी झाले होते आणि युद्धाच्या वेळी हवाई दलाच्या २० क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, नेमणुकीवर होते. अशा नेमणुकीने कोणाचे दल बदलत नाही. पुढे १९८३ मध्ये सी हॅरियर ही नौदलाची लढाऊ विमाने गोव्यात दाबोळीला आणणाऱ्या नौदलाच्या ३०० क्रमांकाच्या स्क्वाड्रनचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते.

कमानीचा मुद्दा तर मुळातच टिकत नाही. त्यांनी दुनागिरी या फ्रिगेट प्रकारच्या युद्धनौकेची, नंतर विराट या विमानवाहू नौकेची कमान सांभाळली आणि फ्लॅग ऑफिसर, म्हणजे ॲडमिरल श्रेणीतील अधिकारी, झाल्यावर पूर्व ताफ्याचे नेतृत्व केले. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुखपद आणि अंदमान-निकोबारच्या संयुक्त कमांडचे पहिले सरसेनापतिपदही त्यांच्याकडे होते. मला इथे अधिक महत्त्वाचे वाटते ते प्रत्यक्ष काम. विमानवाहू नौका सहसा वाऱ्याला सामोरी ठेवून विमाने उडवावी आणि उतरवावी लागतात, आणि लाटांबरोबर डेक सतत हलत असतो. डेकवर उतरण्याचा अनुभव असलेल्या माणसाला नौकेचा वेग आणि दिशा बदलल्याने वैमानिकावर काय ओढवते हे नेमके कळते. कप्तानाच्या जागी ही उणीव ठरत नाही.

‘अपवाद’ हा शब्दही लागू पडत नाही. १८ मे १९६१ रोजी सी हॉक विमान विक्रांत या विमानवाहू नौकेवर उतरवणारे पहिले भारतीय वैमानिक राधाकृष्ण ताहिलियानी १९८४ मध्ये नौदलप्रमुख झाले. २००४ मध्ये अरुण प्रकाश त्या पदावर आले आणि २००६ मध्ये त्यांच्या जागी आलेले सुरीश मेहता हेही वैमानिकच होते. २०१९ मध्ये हे पद करमबीर सिंग यांच्याकडे आले. तिथे पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक होत.