जुन्या गाडीला एसी लावल्याने इंजिन बसत नाही

उन्हाळा तापू लागला की रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पद्मिनी, अँबॅसडरला एसी लावला की इंजिन बसतं, म्हणजे निकामी होतं, अ‍ॅव्हरेज निम्म्यावर येतं, बॅटरी टिकत नाही. कोकणात समुद्राचा वारा असताना एसी हवाच कशाला? आणि एवढी हौस असेल तर भंगारातला एसीचा सेट आणा, त्यात घरच्या सिलिंडरचा गॅस भरा, महागड्या गॅसपेक्षा जास्त गार करतो.

या शेवटच्या सल्ल्याने जीव जाऊ शकतो, म्हणून सुरुवात तिथूनच. एलपीजी गारवा देतो, हे खरं आहे. घरातल्या नव्या फ्रिजमध्येही आयसोब्युटेन असतोच. पण तिथे तो थोडे ग्रॅम असतो आणि झाळकाम केलेल्या बंद नळ्यांमध्ये असतो. गाडीत कूलिंग कॉइल डॅशबोर्डखाली, बसणाऱ्याच्या गुडघ्यांसमोर असते. जोड ओ-रिंगचे, होज रबरी आणि वर आपल्या रस्त्यांचे हादरे. हवेत साधारण २ टक्के एलपीजी मिसळला तरी ती हवा पेट घेऊ शकते. गाडीच्या आत अडीच घनमीटर हवा धरली, तर २ टक्के म्हणजे ५० लिटर वायू, वजनात शंभर-सव्वाशे ग्रॅम. सेटमध्ये भरलेला गॅस याहून जास्तच असतो. काचा बंद, गळती आतल्या आत, आणि ब्लोअरच्या मोटरची एक ठिणगी. समोरून ठोकर बसली तर पहिला फुटतो तो पुढचा कंडेन्सर, म्हणजे गॅसची उष्णता बाहेर टाकणारी जाळी. हा सल्ला कृपा करून कुणाला पुढे पाठवू नका.

घरच्या स्प्लिट एसीचा गॅसही चालत नाही. कंडेन्सर ५० अंशांवर असताना गाडीच्या एसीतल्या आर-१३४ए या गॅसचा दाब सुमारे १३ बार असतो, घरच्या एसीतल्या आर-२२ चा १९, तर आर-४१०ए चा ३० च्या आसपास. गाडीचा सेट आर-२२ आणि आर-४१०ए च्या दाबांसाठी केलेलाच नसतो. नव्याने बसवायच्या सेटला आर-१३४ए, त्याला चालणारं पीएजी ऑइल (कंप्रेसरचं वंगण) आणि त्याच गॅसचा ड्रायर (आतली ओल शोषणारा डबा), एवढं सरळ ठेवावं. गाडीत कंपनीचाच जुना आर-१२ चा सेट असेल तर आतलं मिनरल ऑइल धुऊन काढून ड्रायर आणि ओ-रिंग बदलाव्या लागतात.

आता इंजिन. एसीचा गॅस दाबणारा कंप्रेसर इंजिनावरच चालतो आणि साधारण ३ ते ५ हॉर्सपॉवर खातो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, ताकद चाळीसच्या आसपास. मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद तेवढीच किंवा थोडी कमी, आणि तिचं एसी मॉडेल कंपनीच विकत होती. कोकणात त्या एसीच्या ८०० अजून चालताहेत. पिकअप कमी होतो, चढाला गाडी जड वाटते, हे मान्य. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर चढताना एसी बंद करावा, किंवा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की कंप्रेसरचा क्लच सुटेल (कंप्रेसर थांबेल) असा स्विच लावून घ्यावा. आयडलिंगला गाडी बंद पडू नये म्हणून कार्ब्युरेटरला आयडल-अप, म्हणजे एसी चालू असताना आयडलिंगचा वेग वाढवणारी जोडणी, हवीच.

इंजिनाला खरा त्रास होतो तो उष्णतेचा. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला वारा कमी मिळतो आणि जो मिळतो तो आधीच तापलेला असतो. ज्या गाडीचा रेडिएटर आधीच अर्धा चोक आहे तिला एसी लावला तर ती गरम होणारच, आणि हेड गॅस्केट गेलं की दोष एसीवर येतो. म्हणून आधी रेडिएटरचा कोअर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप. मग कंडेन्सरसमोर इलेक्ट्रिक पंखा आणि गॅसच्या लाइनला प्रेशर स्विच, दाब फार वाढला की कंप्रेसर बंद करणारा. माझ्या मते कंप्रेसरच्या ब्रँडपेक्षा या कामाला पैसे जास्त घालावेत.

अ‍ॅव्हरेज निम्मं होत नाही. दहा-वीस टक्क्यांचा फरक धरून चाला, चिपळूणच्या बाजारात अडकलात तर थोडा जास्त.

बॅटरीबद्दल मात्र मेसेज बऱ्यापैकी बरोबर आहे. डायनॅमोची गाडी असेल तर तो जेमतेम वीस-पंचवीस अँपिअर देतो, आयडलिंगला जवळपास काहीच नाही. ब्लोअर, पंखा आणि क्लच मिळून तेवढे सहज खातात. वर रात्री हेडलाइट, पावसात वायपर. डायनॅमो काढून पंचावन्न-साठ अँपिअरचा अल्टरनेटर बसवा, पंख्याला आणि ब्लोअरला वेगळे रिले द्या, जाड वायर वापरा.

भंगारातल्या सेटमधला कंप्रेसर एक वेळ घेता येतो, हाताने फिरवून खरखर नसेल आणि ऑइल काळं नसेल तर. किनाऱ्यावरच्या गाडीचा कंडेन्सर नको, खाऱ्या हवेने त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे पंख खाल्लेले असतात. ड्रायर, ओ-रिंग आणि होज नवेच. आपल्या दमट हवेत ड्रायरची टोपणं उघडी ठेवली की तो गाडीला लागायच्या आधीच पाणी पिऊन बसतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी जोडावा. नंतर व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं. तीस अंशांच्या हवेत पाणी उकळायला दाब ४२ मिलिबारच्या खाली उतरावा लागतो. पाच मिनिटं पंप लावून गॅस भरणारा कारागीर ते पाणी आतच ठेवतो. पुढे ते एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे गॅस कॉइलमध्ये सोडणाऱ्या बारीक छिद्रात, बर्फ होऊन अडतं, ऑइलमध्ये आम्ल तयार करतं, आणि शेवटी कंप्रेसर जाम होऊ शकतो. निदान पाऊण तास व्हॅक्यूम मारा, पावसाळ्यात त्याहून जास्त, आणि पंप बंद केल्यावर काटा जागचा हलत नाही ना ते बघा.

‘समुद्राचा वारा’ म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी देवगडहून कणकवलीला काचा उघड्या ठेवून जाऊन बघावं. पारा तेहतिसावर असला तरी घाम वाळत नाही. एसी हवेतलं पाणी काढून घेतो, आणि तीच आपली गरज आहे. जुलैत आंबोली घाटात पुढची काच आतून धुरकटते, एका हाताने फडकं फिरवत वळणं घ्यावी लागतात. कोरडी हवा काचेवर सोडली की ती थोड्याच वेळात स्वच्छ होते. माझ्यासाठी एसी लावण्याचं हे सगळ्यात मोठं कारण आहे. मात्र काढलेलं ते पाणी बाहेर जायला हवं: कॉइलखालची ड्रेन नळी चोक झाली तर ते मॅटखाली साचतं आणि जुन्या गाडीचा पत्रा खालून गंजतो. दर पावसाळ्याआधी ती नळी फुंकून मोकळी करा, आणि कंडेन्सर गोड्या पाण्याने हलक्या धारेत धुवा.